दाराच्या अलीकडे

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची लेखी प्रत)



सरांच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानमालेचं बोलावणं आलं, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला सर आम्हाला ‘मॅकबेथ’ शिकवत. दुसऱ्या अंकातला दुसरा प्रवेश आला की ते वर्गाचं दार आतून लावून घेत, पुस्तक मिटून टेबलावर ठेवत आणि तो प्रवेश पाठ म्हणत. एका मुलाला आधीच व्हरांड्यात उभं केलेलं असे. सरांचा आवाज अगदी खाली आलेला असताना दारावर थाप पडे आणि सगळा वर्ग एकदम दचके. ही थाप येणार हे मला आदल्या वर्षीच्या मुलांनी सांगून ठेवलं होतं. कोणत्या वाक्यानंतर येणार हेही सांगितलं होतं. तरी मी दचकलो.

माहीत असलेल्या गोष्टीने माणूस दचकतो कसा, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्याजवळ आहे. आज त्याबद्दलच बोलणार आहे. पूर्ण नाटकाचा आढावा घेणार नाही. एका प्रवेशापाशी आपण थांबू, कारण शेक्सपिअर ताण कसा बांधतो याचं सगळं मर्म मला त्या एका प्रवेशात सापडतं.

गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. स्कॉटलंडचा सरदार मॅकबेथ लढाई जिंकून परतताना त्याला तीन चेटकिणी भेटतात आणि तू राजा होणार म्हणून सांगतात. पुढे राजा डंकन त्याच्या वाड्यावर मुक्कामाला येतो. बायकोच्या आग्रहाने मॅकबेथ झोपलेल्या राजाचा खून करतो. आपण ज्या प्रवेशाबद्दल बोलतो आहोत, तो या खुनाच्या वेळचा आहे.

पहिली गोष्ट उजेडाची. नाटक लिहिलं गेलं 1606 च्या सुमारास. शेक्सपिअरच्या मंडळीचं ग्लोब नाट्यगृह 1599 साली लंडनमध्ये टेम्स नदीच्या दक्षिण काठावर उभं राहिलेलं होतं. मध्यभागी उघडं आकाश, त्या अंगणात पुढे आलेला रंगमंच, तीन बाजूंनी लोक आणि मागे कलाकारांच्या ये-जा करण्याची दारं. प्रयोग दुपारी होत. म्हणजे आपण ज्याला ब्लॅकआउट म्हणतो, डिमर, निळा स्पॉट, त्यातलं काहीही हाताशी नाही. डोक्यावर भर दुपारचा उजेड, प्रेक्षक एकमेकांचे चेहरे बघताहेत, आणि नाटककाराला इथे मध्यरात्र उभी करायची आहे.

तो ती बोलण्यातून उभी करतो. खुनाच्या आधी मॅकबेथचा साथीदार बँको आणि त्याचा मुलगा मशाल घेऊन येतात. लख्ख दुपारी पेटलेली मशाल दिसली की प्रेक्षकाने रात्र समजायची, हा तिथला संकेत होता. बाप मुलाला विचारतो, रात्र किती झाली. मुलगा म्हणतो, चंद्र मावळलाय, घड्याळाचे टोले काही ऐकले नाहीत. बापाला वाटतं, आज आकाशातल्या दिव्यांनीही काटकसर केलेली दिसते. किती साधं बोलणं आहे हे! घरी परतणाऱ्या कोणाही बापलेकांचं. पण या चार वाक्यांत चंद्र गेला, तारे गेले, वेळेचा अंदाजही गेला. डोळ्यांना दुपार दिसते आहे आणि कानांनी रात्र झाली आहे. इथून पुढे प्रेक्षक डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त विसंबणार, आणि नाटककाराला तेच हवं आहे.

आता खून. शेक्सपिअरने ही कथा होलिनशेडच्या बखरीतून घेतली. त्या बखरीतल्या मॅकबेथच्या हकिकतीत पाहुण्याचा घरात झोपेत केलेला खून नाही. बँकोसारख्या साथीदारांना विश्वासात घेऊन मॅकबेथ तिथे राजाला मारतो. वाड्यात मुक्कामाला आलेला राजा, बायकोची फूस, दारू पाजून निजवलेले पहारेकरी, हे सगळं त्याच बखरीतल्या दुसऱ्याच एका खुनाच्या हकिकतीत आहे. डॉनवाल्ड नावाच्या माणसाने डफ राजाला मारवलं, ती ही हकिकत. शेक्सपिअरने दोन्ही एकत्र केल्या आणि एक मोठा बदल केला. डॉनवाल्ड ते काम नोकरांकडून करवून घेतो. मॅकबेथ मात्र स्वतःच्या हाताने करतो. हा ‘हात’ शब्द लक्षात ठेवा.

आणि हा खून तो आपल्याला दाखवत नाही. आपल्याकडच्या जुन्या संस्कृत नाट्यपरंपरेत रंगमंचावर वध दाखवू नये असा दंडक होता, हे आपल्याला माहीत आहे. शेक्सपिअरवर तसं कोणतंही बंधन नव्हतं. याच नाटकात बँकोला आपल्या डोळ्यांदेखत भोसकतात, मॅकडफ नावाच्या सरदाराच्या लहान मुलाला आईसमोर मारतात. ‘किंग लिअर’मध्ये म्हाताऱ्याचे डोळे काढलेले प्रेक्षकाला पाहावे लागतात. रक्त दाखवायला न कचरणारा हा माणूस नाटकातला सर्वांत महत्त्वाचा खून तेवढा दाराआड ठेवतो. म्हणजे ते त्याने जाणूनबुजून केलं आहे.

छापील प्रतीत अशा ठिकाणी ‘आत’ अशी सूचना असते. संस्कृत नाटकांत त्याच जागी ‘नेपथ्ये’ लिहिलेलं असतं. आपण आज नेपथ्य म्हणजे सेट समजतो, पण मुळात नेपथ्य म्हणजे पडद्यामागची, नटांनी वेष करण्याची जागा. तिथून येणारा आवाज म्हणजे ‘नेपथ्ये’. त्या जुन्या अर्थाने हा सगळा प्रवेश नेपथ्यात घडतो. आपल्याला दिसतो तो फक्त दाराच्या अलीकडचा भाग.

दाराच्या अलीकडे लेडी मॅकबेथ एकटी उभी आहे. पहारेकऱ्यांच्या पेयात तिने औषध मिसळलं आहे. कट्यारी काढून नजरेत भरतील अशा ठेवल्या आहेत. आता तिला करण्यासारखं काही उरलेलं नाही, फक्त ऐकायचं. घुबड ओरडतं. आतून नवऱ्याचा आवाज येतो, कोण आहे म्हणून विचारणारा. तिला वाटतं, संपलं सगळं, पहारेकरी जागे झाले, काम झालंच नाही. आणि या घाबरण्याच्या मधोमध ती एक गोष्ट बोलून जाते. झोपलेला राजा तिला तिच्या वडिलांसारखा दिसला, नाहीतर तिनेच उरकून टाकलं असतं. आधीच्या अंकात दगडासारखी वाटलेली बाई, आणि तिची ही भेग. हे वाक्य तिने नवऱ्यासमोर कधीच म्हटलं नसतं. ते फक्त आपल्याला ऐकू आलं आहे.

इथे माझ्या मते नाटककाराने पहिला डाव साधला. आपण तिच्या शेजारी उभे आहोत. जे तिला ऐकू येतं तेच आपल्याला, जे तिला दिसत नाही ते आपल्यालाही नाही. ती कान देते, आपणही देतो. खून व्हावा असं आपल्याला वाटत नाही, पण ‘झाला की नाही’ याची काळजी तिच्याइतकीच आपल्याला लागते. काळजी वाटू लागली की माणूस बाजू घेतो. स्वतःच्या नकळत घेतो.

मग मॅकबेथ बाहेर येतो, आणि नवरा-बायकोचं जे बोलणं होतं, त्यासारखं संभाषण मी दुसऱ्या कुठल्या नाटकात ऐकलेलं नाही. शेक्सपिअरच्या पद्याची ओळ साधारण दहा अक्षरांची, एका आड एक अक्षरावर आघात असलेली. सवयीच्या प्रेक्षकाच्या कानात तो ठेका आपल्या कानातल्या ओवीसारखा बसलेला असतो. इथे शेक्सपिअर एक ओळ चार तुकड्यांत मोडतो. काही बोललात का, असं ती विचारते. तो विचारतो, कधी. ती एका शब्दात सांगते. तो पुन्हा विचारतो, खाली उतरताना का. म्हणजे एकाच ओळीत तीन वेळा तोंड बदलतं. अक्षरं मोजली तर ओळ भरते, पण ती ओळ दोन घाबरलेल्या माणसांनी मिळून, धापा टाकत भरलेली असते. नटांनी मध्ये थांबून ‘भावपूर्ण’ केली की ती मरते. सर म्हणायचे, इथे श्वास घेण्यापुरतीही फट नको, एकाच्या शब्दाची शेपटी दुसऱ्याने पकडायची. मी पुढे बरेच प्रयोग पाहिले. ही ओळ जिथे झपाट्याने गेली, तिथे सभागृहात खोकलासुद्धा ऐकू आला नाही.

संबोधनांचंही एक आहे. त्या काळच्या इंग्रजीत आपल्यासारखा ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद होता. नवऱ्याचं पत्र वाचून एकटीच बोलताना लेडी मॅकबेथ त्याला ‘तू’ म्हणते. समोरासमोर बहुतेक वेळा ‘तुम्ही’ म्हणते. त्याला डिवचताना, तुझ्यात हिंमत नाही म्हणताना, मध्येच ‘तू’ उसळून वर येतो आणि पुन्हा ‘तुम्ही’ होतो. आजच्या इंग्रज प्रेक्षकाच्या कानाला हा फरक जवळजवळ उरलेला नाही. मराठी कानाला तो चटकन कळतो, कारण आपल्या घराघरांत हा ‘अहो’ आणि ‘अरे’ अजून जिवंत आहे. म्हणून मला वाटतं, या नवरा-बायकोचं नातं मराठीत आणायला आपल्याजवळ आजच्या इंग्रजीपेक्षा चांगलं साधन आहे. शिवराम महादेव परांजपे यांनी ‘मानाजीराव’ म्हणून हे नाटक मराठीत आणलं. पुढे 1954 साली शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ आलं, त्यात दुर्गा खोटे होत्या. आपल्या रंगभूमीचा या नाटकाशी असा जुना घरोबा आहे. उद्या कोणी पुन्हा अनुवाद करायला बसलं, तर ‘तू’ कुठे आणि ‘तुम्ही’ कुठे याची नोंद मूळ नाटकावरून आधी करून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता कट्यारी. मागच्याच प्रवेशात मॅकबेथला हवेत एक कट्यार दिसली होती. त्याला दिसते, आपल्याला दिसत नाही. या प्रवेशात तो खोलीतून बाहेर येतो तेव्हा त्याच्या हातात दोन खऱ्या कट्यारी आहेत. त्या पहारेकऱ्यांजवळ ठेवून यायच्या होत्या, म्हणजे खुनाचा आळ त्यांच्यावर आला असता. भान हरपल्यामुळे त्याने त्या तशाच आणल्या आहेत. बायकोच्या ते लक्षात येतं सुमारे तीस ओळींनंतर. या तीस ओळी आपण कट्यारींकडे बघत असतो. त्याला माहीत नाही, तिला माहीत नाही, एकट्या प्रेक्षकाला माहीत आहे. मघाशी नसलेली कट्यार एका माणसाला दिसत होती, आता असलेल्या दोन कट्यारी दोन माणसांना दिसत नाहीत. आपल्याला ओरडून सांगावंसं वाटतं, अगं, त्याच्या हाताकडे बघ! आणि हे वाटणं म्हणजे काय? खून लपवायला मदत करावी असं वाटणंच ना?

या तीस ओळींत तो काय बोलतो बघा. आत कोणीतरी देवाचं नाव घेतलं, आणि मला ‘आमेन’ म्हणता आलं नाही, शब्द घशात अडकला. आपल्याकडे ‘तथास्तु’ म्हणावं इतका साधा, सवयीचा शब्द. तो पुन्हा पुन्हा तेच उगाळतो. मग त्याला ऐकू आलेला आवाज सांगतो, की मॅकबेथने झोपेचाच खून केला. आणि तिथे हा माणूस, ज्याला एक शब्द उच्चारता आला नव्हता, तो झोपेला एकामागून एक नावं देत सुटतो. दिवसभराच्या कष्टांचं स्नान, दुखावलेल्या मनाचं औषध, जेवणाच्या पंगतीतलं मुख्य पक्वान्न, अशी. शब्दांचा पूर येतो. बायको मध्येच कापते, म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला? तिला त्याचे हात धुऊन घ्यायचे आहेत, कट्यारी दिसताच त्या जागेवर ठेवायच्या आहेत, वेळ जातोय. तो कवितेत गेलाय आणि ती कामात आहे. आपला जीव टांगणीला लागतो, तो या दोन चालींच्या मध्ये. ज्या माणसाला झोपेची इतकी सुंदर नावं सुचतात, त्याला आता झोप लागणार नाही, हेही आपल्याला त्याच क्षणी कळतं. मला विचाराल तर पूर्ण शोकांतिका इथेच आहे. पुढचे तीन अंक हिशेब चुकता होण्याचे आहेत.

ती कट्यारी घेऊन आत जाते. तो एकटा उरतो. आणि थाप पडते.

कोण आलंय? त्याला माहीत नाही. आपल्यालाही अजून माहीत नाही. तो हातांकडे बघतो आणि म्हणतो, सगळ्या समुद्राच्या पाण्याने हे धुतले जाणार नाहीत, उलट समुद्रच लाल होतील. हे सांगताना शेक्सपिअर लॅटिन घराण्यातले दोन लांबलचक शब्द वापरतो, नऊ अक्षरं त्या दोघांतच जातात. लगेच पुढच्या ओळीत तोच अर्थ पोराला समजतील अशा चिमुकल्या शब्दांत पुन्हा सांगतो, हिरव्याचं लाल. लाट वर चढते आणि किनाऱ्यावर पडून फुटते. मराठीत ही किमया करता येते, कारण आपली भाषाही अशीच दुमजली आहे. वर संस्कृतातले गंभीर शब्द, खाली स्वयंपाकघरातले. बहुतेक वेळा आपण अनुवाद करताना वरच्याच मजल्यावर राहतो, कारण शेक्सपिअर म्हटलं की भाषा भारदस्त हवी असं आपण धरून चाललो. खालच्या मजल्यावर उतरायला हवं. भीती तिथे राहते.

प्रवेश संपेपर्यंत चार वेळा थाप पडते. थॉमस डी क्विन्सीने 1823 साली या थापेवर एक निबंध लिहिला, तो प्रसिद्ध आहे. त्याचं म्हणणं असं की खुनाच्या वेळी माणसांचं जग थांबलेलं असतं, सैतानी जग सुरू असतं. थापेने माणसांच्या जगाची नाडी पुन्हा चालू होते, आणि ती चालू झाल्यामुळेच मधली थांबलेली घटका किती भयंकर होती हे आपल्याला जाणवतं. हा निबंध सरांचा अतिशय आवडता. मीही तो शिकवला आहे. पण थापेचा जो अर्थ त्याला लागला, तो मला पुरेसा वाटत नाही. माणसांचं जग परत आलं म्हणून आपल्याला हायसं वाटायला हवं. थिएटरात तसं वाटत नाही. तिथे वाटतं ते एवढंच, की यांचे हात अजून धुऊन झालेले नाहीत. पाणी आणा, अंगरखे बदला, लवकर. न्याय दारात आला आहे आणि आपण दार उघडू नये म्हणून जीव मुठीत धरून बसलो आहोत. सगळा प्रवेशभर आपल्याला दाराच्या अलीकडे, खुन्यांच्या बाजूला उभं केलं, ते या क्षणासाठी.

म्हणूनच माहीत असूनही दचकायला होतं. आश्चर्य वाटण्यासाठी अज्ञान लागतं. पकडलं जाण्याच्या भीतीला ते लागत नाही. उलट जितकं जास्त माहीत, तितकी थाप जवळची वाटते.

त्यानंतर येणारा दारुडा द्वारपाल, स्वतःला नरकाचा पहारेकरी समजून बडबडणारा, हा कोलरिजसारख्या मोठ्या समीक्षकालाही नकोसा वाटला होता, दुसऱ्या कोणीतरी घुसडलेला. त्याच्या बडबडीत दुहेरी बोलून शपथ घेणाऱ्यावर एक टोमणा आहे. 1605 च्या बारूद-कटानंतर फाशी गेलेल्या एका पाद्र्याचा संदर्भ तेव्हाच्या लंडनकराला लगेच कळला असणार. नटाला हात धुऊन कपडे बदलायला त्यामुळे वेळही मिळतो. पण त्याचं खरं काम म्हणजे दार न उघडणं. थाप पडत राहते आणि हा माणूस रमतगमत येतो. शेवटी उघडतं तेव्हा बाहेर असतो मॅकडफ. पाचव्या अंकात मॅकबेथला मारणारा माणूस, त्या रात्रीपासून त्याच्या दारात उभा होता.

सायमन फोर्मन नावाच्या वैद्य-ज्योतिष्याने 1611 साली ग्लोबमध्ये ‘मॅकबेथ’ पाहिला आणि वहीत टिपण केलं. त्यात त्याने आवर्जून लिहून ठेवलं ते हातांबद्दल: नवऱ्याच्या हाताचं रक्त काही केल्या निघेना, आणि कट्यारी लपवताना बायकोच्या हाताला लागलेलंही निघेना. नाटककार नाही, समीक्षक नाही, तिकीट काढून आलेला माणूस. भर दुपारी उजेडात त्याने जे पाहिलं, त्यातून घरी घेऊन गेला तो हात.

शेवटी एक आठवण. एम.ए.ला असताना आम्ही या नाटकातले तीन प्रवेश बसवले, सरच बसवत होते. थाप कशावर द्यायची यावर तीन दिवस गेले. प्लायवूडच्या फ्लॅटवर ठोकलं की डबा वाजल्यासारखं वाटे. कडी वाजवून पाहिली, तर दूधवाला आल्यासारखं झालं. अखेर विंगेलगतच्या सामानाच्या खोलीला जुनं सागवानी दार होतं, त्यावर मूठ आवळून, बोटांच्या सांध्यांनी नव्हे तर मुठीच्या बाजूने मारलेला आवाज सरांना पटला. आमच्यातला एक अबोल मुलगा हे काम करायचा. विंगेत उभा राहून तो शब्दावर कान लावून असे. चार थापा, प्रत्येकीमधलं अंतर वेगळं.

रंगीत तालमीच्या रात्री आम्ही शेवटचा, झोपेत चालण्याचा प्रवेश घेतला. राणी मेणबत्ती घेऊन येते. एके काळी गडद रात्रीला हाक मारणाऱ्या या बाईला आता रात्रभर जवळ उजेड लागतो. तिची पद्याची ओळही तुटली आहे, ती गद्यात, तुकड्यातुकड्यांत बोलते. हात चोळते. त्या रात्रीचीच वाक्यं, उलटसुलट क्रमाने. आणि शेवटी ती नवऱ्याला म्हणते, चला, झोपायला चला, फाटकावर कोणीतरी ठोठावतंय.

मी प्रॉम्प्टरच्या जागेवर होतो. विंगेकडे पाहिलं तर तो मुलगा सागवानी दारापाशी मूठ उगारून उभा होता. ‘ठोठावतंय’ ऐकून सवयीने तिथे गेला होता. त्याने सरांकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच विचारलं, वाजवू? सरांनी मान हलवली, नाही. मूठ हवेत तशीच राहिली. रंगमंचावर राणी मान वळवून, आमच्या कोणाच्याही कानांवर न आलेला तो आवाज ऐकत होती.